धोट्यांचा ठोका

मला वाट बघता येत नाही, हा माझा जन्मजात रोग. आई म्हणायची, "तव्यावरची भाकरी फुगेस्तोवर हिला दम निघत न्हाय." असल्या मुलीनं शंभर मीटरच पळायचं, दुसरं काय!

मैंदर्गीहून मला शहरात भवानी पेठेत मावशीकडं ठेवताना आप्पांनी एकच वर्ष दिलं होतं. राज्य स्पर्धेसाठी निवड झाली तर पुढचं बघू, नाहीतर अक्कलकोटच्या कॉलेजात नाव घालायचं आणि पळणं बंद.

आम्हाला पळायला शिकवणाऱ्या सरांची वीस वर्षं यंत्रमागावर गेलेली. मागावर आडवं सूत नेणारे दोन जुने लाकडी धोटे एकमेकांवर आपटून ते आम्हाला सोडायचे. "सेट" म्हणायचे, आणि टाक्! मी कधीच उशिरा सुटले नाही. माझ्या स्टार्टचं सगळ्यांना कौतुक होतं, आणि मीही चांगलीच शेफारले होते.

दुपारी मावशीच्या फोनवर मी कॅरिबियन बेटावरच्या एका मुलीचे व्हिडिओ बघायची. माझ्याच वयाची, शाळेच्या शर्यतींतून नुकतीच वर आलेली. पहिल्याच मोठ्या स्पर्धेत ती पिस्तुलाआधी सुटली आणि बाद झाली. बाहेर जाताना तिनं जर्सीत तोंड लपवलं. मी चक्क हसले. पुढच्या व्हिडिओत तिचे कोच तिला सेटमध्ये ताटकळत ठेवत होते, कधी एवढंसं, कधी पाय थरथरेपर्यंत. आमचे सर असं कधी थांबवत नाहीत, हे तेव्हा जाणवलं. पण सांगत बसायला धीर कुणाला होता?

जिल्ह्यापर्यंत नशिबानं निभावलं. विभागीय स्पर्धेत मात्र "सेट" झालं, पिस्तूलवाल्यानं जरा जास्त थांबवलं, आणि मी एकटीच पुढं गेले. लाल कार्ड. वर्ष संपलं. मंडपामागं जाऊन मी हमसून हमसून रडले.

सर उन्हातच खाली बसले. धोटे आपटून बघितले, एकदा, दोनदा, पाचदा. मग म्हणाले, "पोरी, मी मागाच्या ठोक्यावर वाजवतोय की! हाताला तीच सवय हाय, सेटनंतर दर डावाला तेवढाच वेळ. तू आवाज ऐकून न्हाय, ठोका धरून सुटायलीस."

दुसऱ्या दिवशी आप्पा न्यायला आले. माझी पिशवी हातात घेऊनच ते सरांचा निरोप घ्यायला मैदानावर आले. सरांनी धोटे त्यांच्यापुढं धरले. "तुमी शेतकरी माणूस. मागाला कधी हात लावला न्हाय. एक डाव तुमी वाजवा."

मी खाली वाकले. आप्पा संकोचून म्हणाले, "सेट."

मग काहीच नाही. मांड्या थरथरायला लागल्या. वाटलं, धोटे परत देऊन ते चालायला लागले असणार. पण मागं वळून बघायची सोय नव्हती. मी वाट बघितली.

टाक्!

जीव खाऊन पळाले. परत येताना बघितलं तर पिशवी धुळीत पडली होती आणि दोन्ही हातांत धोटे धरून आप्पा ओरडत होते, "परत बस की! ह्या बारीला अजून लई थांबवतो."