गुरुवारचं पाणी
मोहफुलांचा वास आला की भामरागडकडचं एक छोटं चर्च आठवतं. ईस्टरआधीच्या गुरुवारी मी समतेच्या प्रचाराची पत्रकं वाटत तिथे पोचलो, तेव्हा सगळं गाव मोहफुलं वेचायला जंगलात मुक्कामी गेलेलं होतं. फादर एकटेच बारा रिकाम्या पाटांसमोर पाण्याची बादली घेऊन बसले होते. “येशूनं शिष्याइचे पाय धुतले, तसे आज बारा जनाइचे धुवाचे असते. तू तरी बस ना बाबू,” ते म्हणाले. “माणसानं माणसाच्या पायाशी वाकूच नये,” मी ठणकावलं. ते हसले. “वाकाचं मले हाये, तुले काऊन लाज वाटून राह्यली?” मी उभाच राहिलो. शेवटी त्यांनी स्वतःच्याच पायांवर पाणी ओतलं आणि ते टॉवेलनं सावकाश पुसले. माझं मत आजही तेच आहे. पण त्या संध्याकाळी माझे पाय धुळीनं माखलेले होते.