मशीनला ‘न्हाई’ शिकवताना

“मॅडम, राग मानू नका, पण तुमच्या मुलांनी ऑडिओ ऐकलेलाच दिसत नाही.”

पुण्याहून डॉ. मेधाताईंचा फोन होता. मी डिपार्टमेंटला प्रॅक्टिकलची जर्नल्स तपासत बसले होते. हातातलं लाल पेन हातातच राहिलं.

“ऐकला नाही म्हणजे? अहो, सहा पोरं महिनाभर कानाला हेडफोन लावून बसलीत.”

“मग आवाज एक बोलतोय आणि लिहिलंय दुसरंच, असं कसं? पहिला लॉट पूर्ण वाया गेलाय. मशीन आधीपेक्षा जास्त गोंधळलंय.”

मी तापट बाई आहे, हे आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. माझ्या पोरांना कुणी कामचुकार म्हटलं की माझं डोकं सटकतं. पण मेधाताई उगाच बोलणाऱ्या नव्हेत. फोन ठेवला आणि तरातरा कॉम्प्युटर लॅबकडे निघाले.

आधी काम काय होतं ते सांगते. मी जालन्यात एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकवते, सव्वीस वर्षं झाली. मेधाताई पुण्याच्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहेत. त्यांची टीम शेतकऱ्यांसाठी फोनवर बोलणारा एआय सल्लागार तयार करत होती. शेतकऱ्यानं आपल्या बोलीत विचारायचं, मशीननं उत्तर द्यायचं. त्यासाठी मशीनला आधी ऐकता यायला हवं. लहान लेकराला आपण बोट दाखवून ‘ही गाय, हा बैल’ सांगतो, तसं मशीनला हजारो आवाज ऐकवायचे आणि प्रत्येकासोबत ‘हा माणूस हे बोलला’ असं लिहून द्यायचं. या लिहिण्याला ट्रान्सक्रिप्शन म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, पण करायला बसलं की मान मोडते.

पहिल्या चाचणीत फजिती झाली होती. बदनापूरकडच्या एका काकांनी विचारलं, “कपाशीवर मावा आल्ता, जाईना, काय करू?” आता मावा म्हणजे पानांखाली चिकटून रस शोषणारी कीड. मशीननं गंभीर आवाजात उत्तर दिलं, “मावा हा तंबाखूजन्य पदार्थ असून त्यामुळे कर्करोग होऊ शकतो. सोडण्याचा आजच निर्धार करा.” काका वैतागले. “आरं बाबा, म्या न्हाई खात, कपाशीला लागलाय!”

म्हणून आमची निवड झाली. आवाज जालन्याचे, तर लिहिणारेही जालन्याचे हवेत, असं मेधाताईंचं म्हणणं. काम बरं झालं तर आमच्याकडे कायमचं केंद्र होणार होतं आणि सहापैकी एकाला वर्षभर पुण्याच्या लॅबमध्ये संशोधन शिकायला नेणार होते, स्टायपेंडसकट. आमच्या पोरांना एआय म्हणजे मोठ्या शहरातल्या मोठ्या कॉलेजांची मिरासदारी वाटते. आपल्या वाट्याला फार तर डेटा एन्ट्री, असं ती धरूनच चालतात. ही एक जागा मला काहीही करून हवी होती.

लॅबमध्ये शिरले आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. “काय करून राह्यले रे तुम्ही महिनाभर? तिकडून मला बोलणी बसून राह्यली!”

सगळे खाली बघायला लागले. मी एक हेडफोन ओढला, समोर दिसली ती क्लिप लावली. आवाज आला, “आवं साहेब, परवाच फवारलं व्हतं, फरक काहीच न्हाई. मंग पुन्हा फवारू का?”

स्क्रीनवर लिहिलं होतं: “अहो साहेब, परवाच फवारणी केली होती. काहीही फरक पडला नाही. मग पुन्हा फवारणी करावी का?”

दहापैकी दहा मार्क द्यावेत असं मराठी. फक्त तो माणूस तसं बोललाच नव्हता. दुसरी क्लिप लावली, तिसरी लावली. सगळीकडे तीच तऱ्हा. माणूस बोलत होता आमच्याकडचं आणि कागदावर उमटत होतं रेडिओवरच्या बातम्यांचं. मशीन बिचारं ‘न्हाई’ ऐकत होतं आणि आम्ही त्याला सांगत होतो, बाळा, तू ‘नाही’ ऐकलंस. ‘फवारलं व्हतं’ ऐकलं की ‘फवारणी केली होती’ म्हणायचं. त्याचं डोकं फिरणार नाही तर काय!

“हे असलं कुणी शिकवलं तुम्हाला?” मी गरजले.

मागच्या खुर्चीवरून त्या सहांतली अर्चना हळूच म्हणाली, “तुम्हीच, मॅडम.”

खरंच की! रोज संध्याकाळी त्यांच्या फाइलींच्या प्रिंट काढून मी लाल पेनानं तपासत होते. ‘न्हाई’ला गोल, ‘मंग’ला गोल, ‘आल्ता’खाली दोन रेघा. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीचे मास्तर. आमच्या वस्तीतून शिकून मास्तर झालेले ते पहिलेच. ते म्हणायचे, भाषा चोख असली की कुणी आपल्याला मागच्या रांगेत बसवू शकत नाही. घरात ‘न्हाई’ म्हटलं की ते दहा वेळा ‘नाही’ लिहायला लावायचे. त्या शुद्धलेखनावर मी इथवर आले. त्यामुळे पुण्याला आपल्या पोरांचं काम जायचंय तर ते धुऊन, इस्त्री करूनच जायला पाहिजे, असं मी ठरवून टाकलं होतं. पुण्याहून आलेल्या सूचनापत्रात पहिल्याच ओळीत ‘जसे ऐकू येते तसेच लिहावे’ असं होतं. ते मी वाचलं होतं. ते आपल्यासाठी असेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

सगळ्यात जास्त लाल रेघा अर्चनाच्या फाइलीवर होत्या. अर्चना बदनापूरहून रोज रेल्वेनं येणारी, गवंड्याची पोर, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. वर्गात तोंड उघडायची नाही. तिची फाइल मी तीनदा परत केली होती. तिसऱ्यांदा वर लिहिलं होतं, ‘भाषा सुधारा’.

“अर्चना,” मी खुर्ची ओढून बसले. “तू आधी जसंच्या तसं लिहिलं होतंस. ती फाइल आता कुठून आणायची?”

“हाये की. म्या पहिली फाइल ठिवली.”

“काऊन?” माझ्या तोंडून निघालं.

“आवाजात तुमच्यासारखं न्हाईच ना, मॅडम. मंग तुमची फाइल तुम्हाला दिली, आन् आवाजाची फाइल आवाजाजवळ ठिवली.”

मी मेधाताईंना फोन लावला आणि सरळ सांगितलं, पोरांची चूक नाही, माझी आहे. त्या खो खो हसल्या. मग कामाचं बोलल्या. पंधरा दिवसांनी त्या स्वतः येणार होत्या. तोवर पूर्ण लॉट पुन्हा करून पाठवायचा, त्या मशीनला तो शिकवणार आणि इथंच आमच्यासमोर परीक्षा. मशीन पास झालं तर केंद्र आणि ती एक जागा. नाहीतर काम दुसऱ्या गावाला.

प्राचार्यांना सांगायला गेले तर ते खुर्चीतून अर्धे उठले. “मॅडम, केंद्राचा फ्लेक्स छापून आलाय हो! माझा फोटो हाये त्याच्यावर.”

“सर, सध्या गुंडाळून ठेवा.”

“गुंडाळला तर फोटोवर घडी पडंल ना.”

“मग उभा ठेवा. पण लावू नका.”

काम पुन्हा सुरू झालं. या वेळी मी लाल पेन कपाटात टाकून कुलूप घातलं आणि किल्ली अर्चनाकडे दिली. तिची फाइल नमुना म्हणून सगळ्यांसमोर लावली. तिनं फळ्यावर एकच नियम लिहिला: ‘आधी कान, मंग शाळा.’

आणि काय सांगू, जी पोरं महिनाभर तोंडं पाडून बसायची, ती भांडायला लागली. भोकरदनचा पोरगा म्हणे हे ‘नाय’ आहे, जुन्या जालन्याचा इम्रान म्हणे ‘न्हाई’ आहे. क्लिप दहा वेळा वाजायची. अर्चनानं एक दोनशेपानी वही काढली होती. एकाच शब्दाचे कुठं काय उच्चार होतात, कोणता शब्द कधी काय अर्थानं येतो, ते ती लिहून ठेवायची. मावा ‘आल्ता’, ‘पडला’, ‘लागला’ म्हटलं की कीड. मावा ‘खाल्ला’, ‘चोळला’, ‘थुकला’ म्हटलं की तंबाखू. ‘लाल्या’ आला म्हणजे कपाशीची पानं लाल पडली, कुणी लालू नावाचा पाहुणा नव्हे. मी ती वही चाळली आणि गार झाले. पुस्तकातून सव्वीस वर्षं शिकवतेय की शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांवरून लागतो. या पोरीनं ते कुठलंही पुस्तक न उघडता शोधून काढलं होतं.

त्या जागेच्या अर्जाची शेवटची तारीख दोन दिवसांवर आली. पाच अर्ज आले, अर्चनाचा नाही. तिला बोलावलं.

“फॉर्म का नाही भरला?”

“न्हाई जमायचं, मॅडम.”

“अगं, पण का?”

ती ओढणीच्या टोकाला पीळ घालत राहिली. “तिथं सगळे शुद्ध बोलत असतील. तुम्हीच लिव्हलं व्हतं ना, भाषा सुधारा म्हणून. सुधारली की भरीन पुढच्या टायमाला.”

मला खूप लाज वाटली. ज्या मागच्या रांगेची धास्ती माझ्या बापाला होती, त्याच रांगेत मी या पोरीला माझ्या हातानं, लाल शाईनं बसवलं होतं. मी तिला म्हटलं, “पोरी, चुकलं माझं. तुझी भाषा सुधरायची नव्हती, माझे कान सुधरायचे होते. बस इथं. फॉर्म भरल्याशिवाय तुझी गाडी गेली तरी मी सोडणार नाही.”

ती बसली. ‘संशोधनाचा अनुभव’ या रकान्यात तिनं ‘निरंक’ लिहिलं. मी म्हटलं, “खोड ते. वहीबद्दल लिही.” तिला पटेना. ती वही म्हणजे संशोधन असतं, हे तिला पटवायला मला पाऊण तास लागला. मग ‘येणाऱ्या भाषा’ हा रकाना आला. तिनं बराच विचार केला आणि लिहिलं: ‘मराठी (दोन्ही), हिंदी, कामापुरती इंग्रजी.’

मी त्याला हात लावला नाही.

पंधराव्या दिवशी मेधाताई आल्या. लॅपटॉप, माइक, भिंतीवर मोठा स्क्रीन. बोललेलं मशीन लगेच स्क्रीनवर लिहून दाखवणार होतं. आधी बदनापूरच्या काकांचा मावा वाजवला. स्क्रीनवर जसाच्या तसा उमटला आणि उत्तर आलं कीड कशी ओळखायची, कृषी सहायकाला कधी दाखवायची. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मेधाताई मात्र हसल्या नाहीत. “हा आवाज मशीननं ऐकलेला आहे. खरी परीक्षा न ऐकलेल्या आवाजाची. कुणी तरी बोला. ठरवून नको, सहज.”

सहज बोला म्हटलं की माणसाची वाचा बसते. इम्रान माइकसमोर गेला आणि म्हणाला, “नमस्कार, माझे नाव इम्रान आहे.” दुसरा गेला, तोही तसाच, बक्षीस समारंभात बोलल्यासारखा. अर्चना कपाळाला हात लावून बसली. मेधाताई घड्याळ बघायला लागल्या. आता गेलं सगळं, असं मला वाटलं.

तेवढ्यात प्राचार्य नीट दिसावं म्हणून पुढं सरकले आणि बरोबर माइकच्या वायरवर उभे राहिले. वायर ताणली गेली, माइक टेबलाच्या कडेला आला. माझं डोकं सटकलं.

“आवं सर, वायरीवर काऊन उभं राह्यले! जल्दी सरका ना, समदी मेहनत मातीत जाईल पोरांची!”

आणि भिंतीवर, ठळक अक्षरात, एकेक शब्द उमटत गेला: ‘आवं सर वायरीवर काऊन उभं राह्यले जल्दी सरका ना समदी मेहनत मातीत जाईल पोरांची.’

प्राचार्यांनी ते पूर्ण वाचलं. मग मुकाट्यानं सरकले. मग जो हशा उसळला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला. प्राचार्यही हसत होते, ते बघून माझा जीव भांड्यात पडला. मेधाताई डोळे पुसत म्हणाल्या, “एकही शब्द चुकला नाही. मॅडम, तुम्ही इतकं सुंदर बोलता, मग फोनवर माझ्याशी वेगळंच का बोलता?”

अर्चना मागून म्हणाली, “मॅडम चिडल्या की बिलकुल आमच्या होतात.”

मेधाताईंनी जाताना ती वही मागून घेतली आणि गाडीत बसेपर्यंत चाळत राहिल्या. आठवड्यानं मेल आला. केंद्र मंजूर झालं आणि जागा अर्चनाला मिळाली. इतरांची केंद्रात सोय लागली. फ्लेक्सही लागला, फोटोवर घडी न पडता. अर्चनाचे वडील पेढे घेऊन आले आणि म्हणाले, पोरगी बोलती म्हणून तिला पगार मिळणार, हे काही त्यांना उमगलं नाही, पण बरं झालं.

यातून मी शिकले ते एवढंच, की दुसऱ्याचं बोलणं दुरुस्त करायच्या आधी ते एकदा नीट ऐकून घ्यावं. आणि सूचनापत्र आपल्यासाठीही असतं.

परवा अर्चनाचा मेसेज आला. ‘मॅडम, आज इथं साऱ्या शास्त्रज्ञांसमोर माझ्या वहीवर बोलायचं व्हतं. बिलकुल भेले न्हाई.’

सवयीनं हात लाल पेन शोधायला लागला. मग फोन उचलला आणि खाली एकच शब्द टाकला: ‘बराबर.’