खांदा चेपलेली गिटार

“पहिले धनीना हात लागू द्या,” असं म्हणून मिस्तरी तयार वस्तूपासून मागे सरायचे. पाळणा असो, बैलगाडी असो, की सारंगखेड्याच्या घोडेबाजारासाठी केलेला खोगिराचा सांगाडा असो. ज्याच्यासाठी केली त्याचा हात लागेपर्यंत ती वस्तू मुकी, अशी त्यांची समजूत. तोवर ते स्वतःही ती वापरून बघत नसत. ब्राह्मणपुरीच्या एका शेतकऱ्याची गाडी तयार होऊन महिनाभर त्यांच्या दारात उभी होती आणि मिस्तरी मात्र फळ्या डोक्यावरून वाहत होते. बायको कपाळाला हात लावायची.

असे हट्टी कारागीर तुम्हीही पाहिले असतील. पण आमच्या मिस्तरींच्या हट्टाने त्यांना कुठे नेलं, ते सांगतो.

मी तेव्हा नंदुरबार स्टेशनात मालबाबू होतो. मिस्तरींचं घर रुळांना लागूनच. आमच्या लाइनीवर एक ख्रिस्ती गार्डसाहेब होते, गिटार वाजवणारे. एकदा गार्डाच्या डब्यात तिच्यावर ट्रंक पडली आणि मानेजवळचा एक खांदा चेपून आत गेला. मी त्यांना मिस्तरींकडे नेलं. गिटार हा प्रकार मिस्तरी जन्मात पहिल्यांदाच पाहत होते. साहेबांनी मोडकी गिटार नमुन्याला ठेवली, नव्या तारा दिल्या, हुबेहूब अशीच करा म्हणाले आणि आपल्या गाडीने निघून गेले.

मिस्तरींनी हुबेहूब तशीच केली. शिवणीचं लाकूड वाफेवर वाकवून, एक खांदा भरलेला आणि दुसरा आत गेलेला. तापीने काठ कापावा तसं ते वळण होतं, आणि फार देखणं होतं. तरी मला हसू आवरेना. म्हटलं, मिस्तरी, ती तिथे मोडली होती हो.

त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, “धनीना हात लागू दे. चुकनं का बराबर, साहेबच सांगतीन.”

तेव्हापासून गिटार आढ्याजवळच्या खुंटीला लटकून राहिली. तारा ताणलेल्या होत्या, पण कुणी छेडलेल्या नव्हत्या. सुरतेची गाडी घरामागून जाऊ लागली की भिंत हादरायची आणि तारा आपोआप घुमायच्या. मिस्तरी रंधा थांबवून उभे राहायचे. बायको म्हणायची, “गाडीना हादरा शे तो. काम करा.”

साहेब परत आलेच नाहीत. आधी बदली झाल्याचं कळलं, मग तापाने गेल्याचं. ती बातमी मीच मिस्तरींना सांगितली. मला वाटलं, आता तरी गिटार खाली उतरेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मंग आते साहेब कथाईनबी येतीन,” ते म्हणाले.

आता साहेब कुठूनही येतील, त्यांना गाडीची गरज उरली नाही, असं मिस्तरींना म्हणायचं होतं. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

पुढे त्यांनी कितीतरी पाळणे केले, गाड्या केल्या, आणि त्या धन्यांच्या हवाली केल्या. पण रुळांवर खडखड सुरू झाली की त्यांची मान वर जायची. आपण चुकलो की बरोबर, एवढंच त्यांना ऐकायचं होतं, आणि ते सांगणारा माणूस उरला नव्हता. मला त्यांचं फार वाईट वाटायचं. शेवटच्या आजारात त्यांनी खाट त्या खुंटीखाली ओढून घेतली. तिथेच गेले.

घर मोडून त्यांची बायको कोरीटला भावाकडे राहायला गेली. एकदा त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा भेटून आलो. ओसरीत गिटार होतीच, पण आता बसल्या माणसाच्या हाताला येईल इतकी खाली टांगलेली. बोलता बोलता म्हटलं, वहिनी, इथे रूळ नाहीत, आता ही गप्पच असेल.

ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “वाजस ना. दोन्हीजन बठतस आठे.”

सुपानेच तिने गिटारीखालची दोघांपुरती जागा दाखवली. तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

“बाजा पसंत पडना साहेबले,” ती म्हणाली.

हादऱ्याचं सांगणारी ती हीच बाई. ओसरी चांगली रुंद होती, तरी मी अंग चोरून, भिंतीपासून लांबून बाहेर पडलो.