पृथ्वीच्या तोंडावर रुमाल

दहावीनंतर मला विज्ञान शिकायला पुण्याला मावशीकडे राहायचं होतं, आणि बाबांचं एकच पालुपद, "पुणं लांब पडतं गो." बाबा पेणला गणपती घडवायचे. त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती. हातातला ब्रश खाली न ठेवताच ते नाही म्हणायचे.

तरी रोह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पृथ्वी त्यांनीच करून दिली. फूटभर व्यासाची, प्लास्टरची, आणि समुद्राला बाप्पाच्या शेल्याचा उरलेला निळा रंग. निघायच्या सकाळी बघते तर पृथ्वीवर रुमाल! कारखान्यातून मूर्ती निघाली की तोंड झाकायचं, ही आमच्याकडची रीत. पृथ्वीचं तोंड कुठलं, असं मी विचारलं, तर म्हणाले, "आपला देश हाय ती बाजू."

पॅसेंजरमध्ये त्यांनी ती मांडीवर घेतली. कासूला चढलेल्या बायकांनी रुमाल पाहून हात जोडले. "कुठं चालला गो बाप्पा?" "रोह्याला," बाबा गंभीरपणे म्हणाले. नागोठणं येईपर्यंत पृथ्वीपुढे दोन चाफ्याची फुलं आणि एक केळं जमलं होतं. हसू दाबून दाबून माझं पोट दुखायला लागलं.

प्रदर्शनात कागदात गुंडाळलेलं अवकाशस्थानक काढलं आणि माझं हसू पळालं. ते पृथ्वीला जोडायला मी लावलेली इवलीशी तार बदलून बाबांनी चांगली हातभर लावली होती.

"एवढं चिकटलेलं बरं दिसत नव्हतं," ते म्हणाले. "प्रभावळ कधी मूर्तीला चिकटवतात काय?"

परीक्षक शेजारच्या टेबलापर्यंत आले होते. मी तार दुमडत दुमडत स्थानक पृथ्वीपासून करंगळीच्या रुंदीवर आणलं.

"हे तर जमिनीलाच टेकलंय," परीक्षक म्हणाले. "अवकाश किती दूर असतं, माहीत आहे का?"

"आहे सर. पेण ते रोहा रूळ आकाशात उभा करायचा. तसले अडीच जोडले की शंभर किलोमीटर, तिथून अवकाश सुरू. स्थानक त्याच्या चौपट उंच. या पृथ्वीवर ते करंगळीएवढंच होतं."

त्यांनी खरंच आपली करंगळी आडवी घालून पाहिली आणि खदखदून हसले. "आणि चंद्र?"

चंद्र तीस फुटांवर, बाहेर व्हरांड्यात. तिथे माझी मैत्रीण मोसंबं घेऊन उभी होती. आम्ही पोहोचलो तेव्हा चंद्राची साल निघाली होती आणि तिच्या तोंडात फोड होती. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

परतीच्या गाडीची वाट बघताना बाबांनी पृथ्वीवर पुन्हा रुमाल घातला.

"अवकाश शंभर किलोमीटर. मग पुणं किती?"

"थोडं जास्तच," मी म्हणाले, आणि जीभ चावली.

"म्हंजे पुणं अवकाशापेक्षा लांब!"

झालं. माझ्याच हुशारीने माझा घात केला. मला एकाच वेळी हसू आणि रडू यायला लागलं. बाबांनी पृथ्वीवरचा रुमाल सारखा केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण पुण्याहून एस्टी तरी हाय. दर रविवारी येशील ना गो?"