चुनामायचा राग

चुनामायने माझ्या हातातली थापी हिसकावून घेतली, तीच आमची पहिली भेट. मी पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात होतो. प्रबंधाचा विषय जुन्या दगडी वास्तूंची दुरुस्ती. त्यासाठी साठच्या दशकात खानदेशात ब्राह्मणपुरीजवळच्या एका जुन्या पायऱ्यांच्या बारवेवर येऊन राहिलो होतो. बारवेची सरकारी दुरुस्ती नुकतीच सुरू झाली होती. चुना कसा लागतो ते पाहावं म्हणून मी थापी उचलली, तर ती म्हणाली, "भाऊ, हाऊ चुना अजून कच्चा शे. घाई तुले व्हई, चुनाले नही."

साठीची, काटक बाई. चुना भिजवून आणि कुटून हातांची कातडी पार फाटलेली. नवरा वारल्यापासून चुन्याच्या खड्ड्याचं सगळं तीच बघे. चिमूटभर चुना बोटांत चोळायची, आणि पटला नाही तर गवंड्याचं भरलेलं घमेलं पुन्हा खड्ड्यात उपडं करायची. गवंडी कुरकुरत, पण वाद कोणी घालत नसे.

भिंतीमागची माती ओली असते, ते पाणी सांध्यांतून झिरपून बाहेर आलंच पाहिजे, हा तिचा हट्ट. "भितले दम लेऊ दे," एवढंच म्हणे. याच गोष्टीची मी वहीत दोन पानं गणितं केली होती. उत्तर तिचंच आलं.

मग एक दिवस या सरकारी कामाचे मोठे साहेब आले. काम लवकर संपवायचं, म्हणून दगडांमधले उरलेले सांधे सिमेंटने भरा, असा त्यांनी हुकूम सोडला.

"सर, सिमेंटने पाणी आत कोंडेल," मी म्हणालो.

"प्रबंधासाठी इथल्या कामाचं माझ्या सहीचं पत्र हवंय ना तुम्हाला?"

चुनामाय पायरीवर उभी राहून ऐकत होती. "तुले माहीत शे ना?" ती मला म्हणाली. "मंग बोल."

मी पायातल्या चपलांकडे बघत राहिलो. ती दोन पायऱ्या उतरली आणि कालवलेल्या सिमेंटचं घमेलं तिने लाथेने पाण्यात लोटलं. त्याच दुपारी तिला कामावरून काढलं. जाताना तिने एकदाही मागे पाहिलं नाही. संध्याकाळी मला पत्र मिळालं.

सांधे सिमेंटनेच भरले गेले. पावसाळा संपता संपता ती भिंत फुगली आणि कोसळली. माणूस दगावलं नाही, पण पायऱ्या दगडांखाली गाडल्या गेल्या आणि बायका हंडे घेऊन थेट नदीपर्यंत जाऊ लागल्या. चौकशीत शेरा पडला, 'मूळ बांधकाम कमकुवत.' शेकडो वर्षं उभी राहिलेली भिंत कमकुवत! तो कागद वाचून माझं डोकं भणभणलं.

निदान प्रबंधात तरी खरं लिहीन म्हणून चुन्याचं सगळं प्रकरण मी तिच्या नावानिशी लिहिलं. मार्गदर्शकांनी त्या नावावर लाल रेघ मारली. "अंगठा उठवणाऱ्या बाईचा आधार देतात का कुठे?" मी आतून पेटलो होतो. तरीही नाव गाळून ते पान पुन्हा टाइप करून घेतलं.

वर्षभराने बांधलेला प्रबंध घेऊन तिच्या दारी गेलो. माफी मागायला गेलो होतो की कौतुक करून घ्यायला, हे मला आजही सांगता येत नाही. तिने प्रबंध दोन्ही हातांनी घेतला, पानं उलटली.

"यामा मन्हं नाव कोठे शे? बोट ठेव."

मला बोट ठेवता आलं नाही. तिने प्रबंध ओट्यावर ठेवला.

"मी आडानी शे. तू शिकेल शे. तरी बी गप तूच बसना."

ती आत गेली. मला पाणीही विचारलं नाही. खानदेशात दारी आलेल्या माणसाला पाणी न विचारणं म्हणजे काय, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

ती गेल्याचं फार उशिरा समजलं. पुढे नोकरीत मी कुठल्याही साहेबासमोर गप्प बसलो नाही. त्यापायी बदल्या झाल्या, बढती हुकली. लोक मला तापट म्हणतात. त्यांना वाटतं, माझा राग साहेब लोकांवर आहे.