खांबावर माणूस आहे

पूर्णगडच्या भिवा वायरमनची सारी नोकरी विजेच्या खांबांवर गेली. तोंडाचा फटकळ, पण कामाला वाघ. लाइट गेली की लोक फोन करकरून जीव खायचे, आणि त्याचं उत्तर ठरलेलं असायचं: "खांबावर मानूस हाय, माकड नाय. उतरू द्या त्याला!" अशाच घाईपायी त्याचा जोडीदार हरिश्चंद्र तारेला चिकटून गेला होता. तेव्हापासून भिवाने लाइटीसाठी कधी फोन केला नाही, घरात कोणाला करू दिला नाही. वाडीतसुद्धा त्याला विचारल्याशिवाय कोणी तक्रार करत नसे.

निवृत्तीनंतर त्याचं सगळं जग म्हणजे बायको, जाईबाई. तिची फुप्फुसं कामातून गेलेली. विजेवरचं ऑक्सिजनचं मशीन चालू असेल तोवर ती बरी असायची. अडीनडीला एक लहान सिलेंडर होता.

वाडीत स्मार्ट मीटर बसले आणि पुढच्याच उन्हाळ्यात एका दुपारी सगळ्या घरांची लाइट गेली. मुलगी रसिकाने आईला घाईघाईने सिलेंडर जोडला.

"बाबा, हापिसात फोन करते. नायतर गाडी बोलावते, आयेला रत्नागिरीला नेऊया."

"थांब गो. पोरगा खांबावर असंल. येल आत्ता लाइट."

जाईबाईनेही होकाराची मान डोलावली. नवऱ्याच्या शब्दावर तिचा जन्म निघाला होता. तो तिचा हात धरून बसला. सिलेंडरचा काटा खाली येत गेला, रसिका रडकुंडीला आली. शेवटी बापाला न जुमानता तिने गाडी बोलावली, हापिसातही फोन केला. पण फार उशीर झाला होता. जाईबाई रत्नागिरीच्या अलीकडे, भाट्याच्या पुलावरच गेली.

जलदानविधी उरकल्यावर मीटर बसवणाऱ्या कंपनीचा साहेब आला. त्याची मान वर होत नव्हती. त्यांच्या एका माणसाचा पासवर्ड कोणीतरी चोरला होता आणि लांब कुठेतरी बसून वाडीतल्या मीटरांना वीज तोडायचा हुकूम दिला होता. तारेत वीज होती, मीटरांनी ती घरात येऊ दिली नाही.

"म्हंजे खांबावर कोन नव्हता?" भिवाने विचारलं.

"कोणीच नव्हतं, काका. आम्हाला कळलंच तुमच्या मुलीच्या फोनने. मग लगेच ऑफिसातून, बसल्या जागेवरून मीटर चालू केले."

भिवा जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

"मग मी तिला कोनासाठी थांबवली गो, रसिके?"