रस्ता झाला का?

भुताखेतांच्या गोष्टी मी कायम हसण्यावारी नेल्या. शाळेत विज्ञान शिकवते, घर हातकणंगल्यात. तरीही हे लिहितेय, कारण त्या दिवशी गाडीत मावशी होती आणि तिनंही ते पाहिलं...

मावशीला चंदगडला तिच्या घरी सोडायला निघाले होते. भर दुपार, पण धुकं दाट. मुख्य रस्त्यावर झाड पडलेलं, म्हणून वापरात नसलेल्या जुन्या रस्त्याला गाडी घातली. एका बाजूला कातळ, दुसरीकडं दरी, मधे जेमतेम गाडीपुरती वाट. वळण घेतलं आणि करकचून ब्रेक दाबला — समोर रस्ताभर खडी! कडेला ओळीनं बसून बाया हातोड्यांनी दगड फोडत होत्या. नऊवारी लुगडी, डोक्यावर पोत्याच्या खोळी. एकीनंही मान वर केली नाही.

रिव्हर्स घ्यावा म्हणून आरशात बघितलं... मागून रोलर येत होता. वाफेचा! उंच धुराडं, पुढं माणसाएवढं लोखंडी चाक. मी हॉर्न दाबून धरला. तो थांबेना. त्यात गाडी बंद पडली. चावी फिरवली की नुसती टकटक. माझ्या बाजूचं दार कातळाला टेकलेलं, मावशीच्या दारापलीकडं हातभर कड आणि मग दरी. आरशात आता चाकाशिवाय काही दिसत नव्हतं. मावशीनं माझा दंड घट्ट धरला.

तेवढ्यात तिच्या काचेपाशी एक बाई वाकली. चेहरा दगडाच्या भुकटीनं पांढराफटक.

"रस्ता झाला का वं, आक्का? मुकादम सोडंना झालाय. घरला लेकरू हाय माझं."

मी नुसती चावी फिरवत राहिले. मावशीनं मात्र काच खाली केली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "व्हय, झाला की! कवाच झाला! गाड्या पळत्यात त्यावरनं. जावा समद्या घरला!"

हातोड्या थांबल्या. बाया उठल्या, पदर झटकले... आणि एकामागून एक धुक्यात निघून गेल्या. मागं वळून बघितलं तर रोलर नाही. पुढं खडीही नाही, नुसतं उखडलेलं डांबर आणि गवत. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

धुकं, थकवा, भास... सगळे तर्क लावून बघितले. दोघींना एकच भास कसा होईल?

मावशी त्या फंदातच पडत नाही. तुला भीती नाही वाटली का, असं विचारलं तर म्हणाली, "वाटली की! पर बाई इचारत हुती न्हवं... सांगाया नको?"